तिळगूळ

"मॅडम, मी नोकरी सोडतोय," निनादने तिसऱ्यांदा सांगितलं. पडद्यावर हेलसिंकीच्या आयनो मॅडमनी नुसती मान डोलावली.

त्याच्या कानात दुभाष्या यंत्राचा गोड आवाज आला, "तुमची निष्ठा बघून बरं वाटलं."

शेजारी उभ्या बायकोने, रेवतीने, कपाळावर हात मारला. "अरे, आधी तुझं ते तिळगूळ बंद कर ना!"

बंद कसं करणार? ते यंत्र निनादनेच कंपनीच्या गळ्यात मारलं होतं. त्याच्या एका शिवीपायी कोरियातल्या हॉटेलांचं कंत्राट हातचं गेलं, तेव्हापासून सगळ्या देशांतलं कंपनीचं बोलणं त्यातून भाषांतर होताना गोड होऊनच पुढे जायचं. मेलसुद्धा. 'तिळगूळ' हे नावही त्यानेच दिलेलं. तेव्हा केवढ्या टाळ्या पडल्या होत्या! आता तिकडे कराडला वडील अंथरुणाला खिळलेले, आणि हा मस्कतमध्ये अडकलेला. पासपोर्ट कंपनीकडे, तो सुटणार मॅडमच्या होकारावर.

"नको मला ही नोकरी!" निनाद ओरडला. "घरी जाऊ द्या मला!"

"कंपनीला तुम्ही घर मानता, आनंद झाला."

रेवती पडद्याजवळ सरकली. "निनाद, त्यांचं तोंड बघ."

मॅडम टेबलावर मूठ आपटत होत्या. डोळे लाल, गाल ओले. आणि निनादच्या कानात येत होतं, "आपण अजून खूप वर्षं मिळून काम करू."

निनादचा आवाज एकदम खाली आला. "मॅडम, तुम्हालापण सोडायचंय?"

त्यांना काहीतरी गोडच ऐकू गेलं असावं. त्यांनी कपाळ टेबलावर टेकलं.