गिअरबॉक्समधला भुसा

"ह्या अ‍ॅम्बॅसेडरच्या गिअरबॉक्सातलं जुनं तेल काढ, सगळ्यात घट्ट तेल ओत आणि त्यात लाकडाचा भुसा मिसळ. विकेपर्यंत गिअर ओरडले नाही पाहिजेत," कोंडाजी म्हणाला.

"कसाऱ्याच्या घाटात घात होईल, दादा. घेणारा कोण?"

"सटाण्याचा कुणी कांदेवाला. तुला काय करायचंय?"

थोरल्या भावाचा शब्द सावळीराम मिस्त्रीने कधी मोडला नव्हता. त्याने भुसा चाळून घेतला. आवाज पार मेला.

दोन दिवसांनी तीच अ‍ॅम्बॅसेडर हार घालून त्याच्या दारात. जावयाने एकलहऱ्याची नोकरी सोडून टॅक्सी घेतली होती. लेक नारळ घेऊन उतरली.

"आधी तुम्हालाच दाखवणार होतो, मामा," जावई हसत म्हणाला. "पण थोरले मामा म्हणाले, सावळीरामच्याच हातची आहे, डोळे झाकून घे."