नावाची जागा

अपिया शहरातल्या डीजेंची रीतच आहे : गाणं कुणालाही द्यावं, पण सुरुवातीला ते बांधणाऱ्याच्या नावाची रेकॉर्ड केलेली आरोळी घुमलीच पाहिजे. सिएनीनं बिस्किटाच्या डब्यावर ठेका धरून बांधलेलं गाणं तूला नावाच्या डीजेला असंच दिलं होतं. दुपारी रिकाम्या मैदानात तो ते वाजवून पाहत होता, आणि तिथं आलेल्या सिएनीला आपल्या नावाच्या जागी नुसती शांतता ऐकू आली.

"चोरा, माझं नाव कापलंस?"

"कापलं. संध्याकाळी नाचायला ये, मग मार."

ती आली, मुठी आवळूनच. गाणं सुरू झालं, ती मोकळी जागा आली, आणि नाचता नाचता सगळं मैदान एका गळ्यानं ओरडलं, "सि-ए-नी!"

तूला हसला. "दर वेळी हे लोक असं ओरडतात. ह्यांच्यापुढं तुझी आरोळी ऐकूच येत नव्हती गं!"