दीड आटा

मेकॅनिक फाटकातून आत येताना दिसला आणि नवऱ्याने घाईघाईने बॉनेट खाली आपटलं. स्क्रू-ड्रायव्हर पँटच्या खिशात गेला. तीस वर्षं सांभाळलेली गाडी आज विकली जाणार होती. म्हणजे बायकोच्या मते जाणार होती. याच्या मते अजून कार्ब्युरेटर याच्या हातात होता.

गिऱ्हाईक भलतंच सावध. स्वतः न येता त्याने आपला मेकॅनिक धाडला होता. हा हो म्हणाला की व्यवहार पक्का.

"सोन्यासारखी ठेवलीय बघा," बायको म्हणाली. "माझा वाढदिवस विसरतील, हिचं ऑइल नाही विसरायचे."

"लावा किल्ली, साहेब."

गाडी सुरू झाली ती हुडहुडी भरल्यासारखी. दोनदा ठसकली, सगळं अंग हलवलं आणि बंद पडली.

"अहो, काल तर बरी होती!"

"वय झालं तिचं," नवरा म्हणाला. इतकं धादांत खोटं बोलताना त्याला खरोखर वाईट वाटलं. मनातल्या मनात त्याने गाडीची माफी मागितली.

मेकॅनिकने बॉनेट उघडून डोकं आत घातलं. सगळा कार्ब्युरेटर तेलाने काळा, फक्त पेट्रोल-हवेचं मिश्रण कमीजास्त करणाऱ्या स्क्रूची खाच नुकती घासल्यासारखी चकचकीत. त्याने खाच पाहिली. मग नवऱ्याच्या खिशातून डोकावणारी स्क्रू-ड्रायव्हरची पिवळी मूठ पाहिली.

"वहिनी, जरा पाणी मिळेल?"

ती आत गेली. मेकॅनिकने नुसता हात पुढे केला. नवऱ्याने मुकाट्याने स्क्रू-ड्रायव्हर त्यावर ठेवला.

"मारा स्टार्टर."

इंजिनाकडे कान लावून मेकॅनिक स्क्रू सैल करत गेला. थरथर कमी झाली. ठसका गेला. मग इंजिन असं एका लयीत चालू लागलं की दोघंही ऐकतच राहिले. चोर रंगेहाथ सापडला होता, पण छाती चोराचीच फुगली होती.

"असा आवाज आता ऐकायला मिळत नाही," मेकॅनिक म्हणाला.

"नाही मिळत." नवऱ्याने मडगार्डवरून हात फिरवला. "न्या मग. फक्त त्यांना सांगा, सकाळी एकदम रेस करायची नाही. आधी दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची. तिला सवय आहे."

आत पेला खणखणला.

"किती आवळला होतात?"

"दीड आटा."

मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा खाचेत बसवला आणि मनगट फिरवलं. बायको पाणी घेऊन आली, तिच्यादेखत गाडी आचके देत बंद पडली.

"नाही जमायचं, वहिनी. मी त्यांना नकोच म्हणून सांगतो." त्याने एका घोटात पाणी संपवलं.

"म्हणजे हे धूड अजून माझ्याच दारात!" रिकामा पेला घेऊन ती तणतणत आत गेली.

नवरा फाटकापर्यंत पोचवायला आला. मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हर परत केला आणि आवाज हळू केला.

"दीडने भागत नाही, साहेब. आमच्या घरच्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक आलं की मी दोन आवळतो."