अकरा सेकंदांची आई

आईच्या वर्षश्राद्धाला लावायचा व्हिडिओ अंकिता फुकटच्या सॉफ्टवेअरवर जोडत होती. फोटो ढीगभर होते, पण क्लिप एकच. अकरा सेकंदांची. म्हसवडच्या माळावर आई, बनुबाई, मेंढरांमागे पाठमोरी चालली आहे, एवढीच.

सॉफ्टवेअर पहिल्यांदा आपोआप बंद पडलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. सेव्ह केलं नव्हतं, दुपारभराचं काम गेलं. मोबाइलमधली तीच क्लिप तिने पुन्हा घेतली. या खेपेला आई बाभळीपाशी थांबली.

दुसऱ्यांदा काम गेलं, तेव्हा आई मागे वळली.

अंकिताने मोबाइल उघडून पाहिला. तिथे ती अजून पाठमोरीच होती.

मग अंकिता मुद्दामच सेव्ह करीना. काम गेलं, की पुढच्या खेपेला आई चार पावलं जवळ यायची. आधी कपाळावरचा भंडारा दिसला, मग डोळे.

"आगं, सेव्ह कर की," भाऊ ऋषिराज दारातनं म्हणाला. "उद्या पावणं यायचं हाईत."

"करते," ती म्हणाली, आणि केलं नाही.

सातव्यांदा आईचा चेहरा पडद्यावर मावेना. मेंढरांच्या घंटा एकदम थांबल्या. वर्षभर ज्या आवाजासाठी जीव तुटत होता, तो स्पीकरमधून अगदी हळू आला.

"लय चालले गं, अंके. पाय उचलंना आता. तूच ये."

अंकिताने टेबलाखाली पायानेच चपला चाचपल्या.