आवाज न करणारा पंप

ग्रंथपालांनी चाळीस वर्षं लोकांना ‘शूऽऽ’ केलं होतं. त्यामुळे निवृत्तीनंतर पाणी तापवायचा हीट पंप घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी किंमत पाहिली नाही की वॉरंटी. पाहिला तो फक्त आवाज. महिनाभर ते ओळखीपाळखीच्यांच्या घरामागे जाऊन चालू पंपांना कान लावत फिरले. एका कंपनीचा पंप असा घरघरला की ते दोन पावलं मागेच सरकले. दुसऱ्या कंपनीचा चालू आहे की बंद, हे मात्र हात लावून बघावं लागलं. तोच त्यांनी घेतला आणि दुपारी खिडकीशी निवांत ताणून दिली.

संध्याकाळी शेजारचे दातांचे डॉक्टर कुंपणाशी आले. “काका, आम्हालाही पंप घ्यायचाय. कुठला घेऊ?”

याच डॉक्टरांनी मागे “अजिबात दुखणार नाही” म्हणत काकांची अक्कलदाढ उपटली होती. ग्रंथपालांच्या अंगात खोडी संचारली. चेहरा गंभीर ठेवून त्यांनी त्या घरघऱ्या पंपाचं नाव सांगितलं.

“डोळे मिटून घ्या!”

घरात येऊन बायकोला हे सांगताना त्यांना हसू आवरेना. “लहान आहात का?” म्हणून ती रागावली, पण हसलीसुद्धा.

आठवड्याभराने डॉक्टर आभार मानायला आले.

 

“पाणी झकास तापतं, काका! घरघर तेवढी फार आहे, म्हणून आमच्यापासून लांब, तुमच्या खिडकीला लागून बसवलाय.”