शेजारची सीट

छप्पन्नाव्या वर्षी ग्रंथपालकाकूंनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, तेही काकांना पत्ता लागू न देता. सायकलवाले त्यांना आरामात मागे टाकत. चढावर गाडी बंद पडली की त्या स्टिअरिंग सोडून मागच्या गाडीवाल्याला हात जोडत. परीक्षेत दोनदा नापास झाल्या, पण तिसऱ्यांदा परवाना घेऊनच परतल्या.

"आता रोज गाडी काढा काकू, नाहीतर सवय मोडेल," शिकवणाऱ्याने बजावलं.

"छे रे बाबा, रस्त्यावर जीव मुठीत धरावा लागतो मला. मी कुठली चालवतेय?"

"मग एवढा घाम कशाला गाळलात?"

काकूंनी हसून परवाना पर्समध्ये ठेवला.

रविवारी काका गाडी चालवत होते आणि काकू नेहमीसारख्या शेजारी बसल्या होत्या. वळण आलं.

"इंडिकेटर द्यायचा राहिला तुमचा," काकू म्हणाल्या.

"तुला काय कळतंय गं गाडीतलं?" काका तीस वर्षांच्या सवयीने म्हणाले.

काकूंनी शांतपणे पर्स उघडली, परवाना काढून डॅशबोर्डवर ठेवला आणि सीटवर ऐसपैस रेलून बसल्या.

"हं. आता दुसऱ्या गिअरवर या."