छातीतली धडधड
बासष्ट साली कापूस वेचता वेचता दगूबाई कोसळली; उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. पितांबरने बायकोला बैलगाडीतून धानोऱ्याहून नंदुरबारच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी आधी तिच्या छातीला ऐकायची नळी लावली. “लहानपणी हिचे सांधे सुजायचे?” “हा, हिनी माय सांगे.” “त्या आजारानेच हृदयाची झडप बिघडली. रक्ताची गुठळी तिथून मेंदूत गेली. हृदय आतून दाखवणारं यंत्र परदेशात निघालंय म्हणे. इथं कानांवरच भिस्त. हिने काही सांगितलं नाही?” दोन वर्षं सांगत होती, “मन्ही छातीमा धडधड व्हस,” आणि पितांबर हसायचा, “तुले कामना कटाळा शे.” डॉक्टरांनी नळी त्याच्या कानांत घातली. ते अडखळतं काळीज त्याने ऐकलं. “आते ऐकू ई ऱ्हायनं वं,” तो रडला. दगूबाईने डाव्या हाताने त्याचे डोळे पुसले. होळीपर्यंत ती जगली. बोलली मात्र नाही.